पहिला तो लाभ

आमच्या गल्लीतल्या बसप्पाकाकांच्या तोंडून मी 'एक' हा आकडा कधी ऐकला नव्हता. त्यांची मोजणी सुरू व्हायची ती लाभपासून. लाभ, दोन, तीन, चार. चहा किती कप घेणार विचारलं, तर "लाभ पुरे की." दवाखान्यात डॉक्टरांनी ताप किती दिवसांपासून आहे विचारलं, तर म्हणाले, "लाभ दिवस झाला." ताप डोक्यात गेला असं समजून डॉक्टरांनी दोन गोळ्या वाढवून दिल्या.

काका सोलापूरच्या अडत बाजारात मापाडी होते. ज्वारीचं पहिलं माप पोत्यात पडलं की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाड्यांची जुनी रीत. पुढे वजनकाटे आले, मापं गेली, काका घरी बसले. रीत तेवढी जिभेवर राहिली. काकू जाऊन खूप वर्षं झाली. मूलबाळ नव्हतंच.

त्यामुळे गल्लीतली चिल्लीपिल्ली हाच त्यांचा बाजार. संध्याकाळी पाचला कट्ट्यावर चिंचोक्यांचा ढीग आणि त्यांनी स्वतः शिवलेलं पुस्तक मांडलेलं असायचं. चादरीच्या तुकड्यांची दहा पानं. पहिल्या पानावर एक बटण, दुसऱ्यावर दोन, असं दहापर्यंत. डोळे मिटून बोटांनी बटणं चाचपायची आणि पान कितवं ते सांगायचं. बटणं गल्लीतल्याच शर्टांची. सातव्या पानावरचं निळं माझं आहे, आणि त्यासाठी मी आईचा मार खाल्लाय.

खेळाआधी हजेरी. "बा इल्ली" म्हणत कानडीत जवळ बोलवायचे आणि डोक्यावर हात ठेवून मोजायचे. सर्वांत आधी येईल तो लाभ. त्यासाठी मी दूध अर्धं टाकून पळत सुटायचो, तर शेजारची सुनंदा आधीच तिथे बसलेली. माझं सगळं लहानपण दोन नंबरवर गेलं. खरं सांगतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे माझी मुलगी गौरी त्याच कट्ट्यावर जाऊ लागली. यंदा तिला शाळेत घालायला नेलं. बाईंनी समोर पाच मणी ठेवले. गौरीने खणखणीत आवाजात मोजले, "लाभ, दोन, तीन, चार, पाच." बाईंनी चार मणी उचलून घेतले. "आता किती राहिले?"

"लाभ."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि महिन्याभराने पुन्हा घेऊन या म्हणाल्या. घरी आल्यावर बायको भडकली. बातमी गल्लीभर झाली आणि एकेका आईने आपलं पोर कट्ट्यावर पाठवणं बंद केलं. मीही गौरीला घरात अडकवलं. काकांना कारण सांगायचा धीर मात्र कुणालाच झाला नाही. त्यांना ते कळायचं तेवढं कळलंच.

आठवड्याभराने शेंगाचटणी द्यायचं निमित्त काढून मी गौरीला घेऊन गेलो. काका कट्ट्यावर एकटेच होते. पुढ्यात चिंचोके आणि पुस्तक. एकेक चिंचोका सरकवत ते पुटपुटत होते.

"ला... न्हाय. एक. दोन. तीन." चिंचोके परत ढिगात लोटले. "एक. दोन."

मला बघून ओशाळले. "जिभेला वळण न्हाय बघ. पन जमतंय आता थोडं थोडं. आयांना सांग की, काका बरोबर मोजतोय म्हनून." मग हळूच म्हणाले, "मंग येतील न्हवं पोरं?"

मला माझीच लाज वाटली. आयुष्यभराची रीत हा म्हातारा चार पोरांसाठी मोडायला बसला होता, आणि त्या पोरांना अडवणाऱ्यांत मीही होतो.

काकांनी गौरीला जवळ घेतलं, सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर थांबले आणि जपून म्हणाले, "एक."

गौरीने मान हलवली. "एक शाळेत म्हनायचं आजोबा. हितं लाभ."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल काढली आणि गौरीच्या शेजारी मांडी घालून बसलो.

"लाभ," काका म्हणाले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले. मग तोच हात माझ्या टकलावर आला.

"दोन."