अकोल्याच्या कूलराचा तह

सकल सुज्ञ जनांस विदित व्हावें जे, वऱ्हाड प्रांतीं अकोला शहरीं, उन्हाळियाचा अंमल कडक असतां, एस.टी. आगारांतील निवृत्त कंट्रोलर राजश्री श्रावणराव आणि त्यांचे शेजारी राजश्री देवमनराव यांजमध्यें कूलराचे कारणें अदावत पडली, तिची हकीकत येणेंप्रमाणें.

देवमनरावांचा लोखंडी कूलर, कद थोर, आवाज नगाऱ्याचा, तो श्रावणरावांचे निजावयाचे खोलीसमोर ठाण मांडोन गर्जूं लागला. श्रावणरावांनीं तंबी दिली, ती मानिली नाहीं. मग बोलणें तुटलें, आणि भाजीच्या वाट्यांची येजा तुटली, आणि मग दावा कोर्टांत दाखल जाहला. कोर्टानें हुकूम फर्माविला कीं, आधीं मध्यस्थासमोर बैसोन तह होतो काय तें पाहणें.

श्रावणरावांच्या वकील स्वरालीबाई, मूळ अमरावतीच्या, मसलतींत निष्णात. त्यांनीं अशिलास कचेरींत बोलाविलें. श्रावणराव मोबाइलांत कूलराचे फोटो आणि गर्जना भरोन, जणों दारूगोळा घेवोन, हजर जाहले. बाईंनीं समजाविलें जे, मध्यस्थ निवाडा देणार नाहीं. तेथील बोलणें कोर्टाचे कानीं जात नाहीं. तेथें अशिलानें स्वमुखें बोलावें, आणि समोरचा बोले तों मध्यें तोंड घालूं नये. श्रावणरावांनीं मान डोलाविली. मग तालीम मांडिली. बाई स्वतः देवमनराव जाहल्या आणि गरजल्या, "माह्या घरचा कूलर हाय, तुले काय करा लागते?" ऐकतांच श्रावणराव ऐसे उसळले कीं टेबलावरील चहाचा पेला धारातीर्थीं पडला. फिरोन तालीम केली, फिरोन तेंच.

तेव्हां बाईंनीं पुसिलें, "काका, समजा तुमी जिंकले. मंग तुमाले काय पाहिजे?"

"त्याची जिरली पाहिजे!"

"अन् जिरल्यावर?"

श्रावणरावांनीं हातींचा मोबाइल टेबलावर उलथा ठेविला. मग आपले कुटुंबाचें नांव काढोन हळूच बोलिले, "इंदूले झोप पाहिजे. पोरीकडे गेली होती, तिथंच तिचं हार्टचं ऑपरेशन झालं. कूलर सुरू झाला का दचकून उठते."

"देवमनकाकाले हे माहीत हाय?"

"मी काहून सांगू त्याले?"

बाईंनीं सल्ला दिला कीं, तेंच सांगणें. आणि आपण काय सोडूं शकतों, तेंहि घरीं इंदूबाईंशीं बोलोन ठरवोन येणें.

मध्यस्थीचे दिवशीं देवमनरावांनीं तोफखाना डागिला. श्रावणरावांचे कान लाल जाहले, परंतु खुर्चीचे हात घट्ट आवळोन बसले. पाळी येतांच मोबाइल खिशांतच ठेविला आणि म्हणाले, "देवमन, इंदूचं हार्टचं ऑपरेशन झालं. तिले झोप येत नाही."

देवमनरावांचा चेहरा उतरला. "मले सांगाले काय झालं होतं बे तुले?"

"तू बोलत होता काय माह्यासंगं?"

मध्यस्थ चष्मा पुसूं लागले. देवमनराव पुटपुटले, "मागच्या खिडकीले लावला असता. पण तिथं तुही भिंत हाय, स्टँड कुठं ठेवू?"

"माह्या भिंतीवर ठेव."

ऐसा तह ठरला. कूलर मागील खिडकीस न्यावा, त्याचा भार श्रावणरावांचे भिंतीनें सोसावा, दावा उठवावा. उभयतांनीं सह्या केल्या.

सायंकाळीं देवमनराव पपई घेवोन इंदूबाईंचे समाचारास आले. इंदूबाई निजल्या होत्या. सबब उभय सरदार पडवींत खुर्च्या टाकोन, पपई मध्यें ठेवोन, अंधार पडेपावेतों मुकाट बैसले. कूलराचे मोहिमेंत इंदूबाईंची फत्ते जाहली, ती येथें रुजू केली असे.