आवाजाला सब्र नसतो

आमच्या इस्पितळात इंटरनेट मंद चालतं म्हणून कोणी तक्रार केली, की खलीलभाई एकच प्रश्न विचारत, "तुमच्या कामाला सब्र हाय का?" असेल तर तो माणूस रांगेत मागं, मग तो कितीही मोठा असो.

खलीलभाई आमचे नेटवर्कवाले, मी हिशेब विभागात. त्यांचा जीव भिंतीवरच्या कुलूपबंद कपाटातल्या स्विचमध्ये. सगळ्या संगणकांच्या आणि फोनच्या तारा त्या डब्यात येतात. त्यात त्यांनी कोणाचं आधी जायचं, कोणाचं नंतर, अशा आठ रांगा लावल्या होत्या. शेवटच्या रांगेत लोक मोबाइलवर बघत ते क्रिकेट, तिच्या जरा पुढं माझ्या फाइली. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "साळवे साब, फाइल उशिरा आली तरी पुरी येते. आवाज उशिरा आला की तुटून येतो. त्याला जागा जराशी लागते, पण वक्तावर लागते." मी घड्याळ लावून पाहिलं. फाइल सहा मिनिटं उशिरा आली, पण एकही आकडा न सांडता.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी पंगतीचा ताबा घेतला. मधुमेहवाले पहिल्या पंगतीला, नवरदेवाचा मामा तिसऱ्या. "मामाला सब्र हाय," म्हणाले. मामाला तो अजिबात नव्हता.

स्विचच्या पहिल्या रांगेत डॉक्टरांचे फोन होते आणि त्यांच्या बरोबरीनं व्हरांड्यातला एक फोन. गंभीर रुग्ण पडेगावच्या नव्या इमारतीत, त्यांचे नातेवाईक राहायला इथं जुन्या इमारतीत. तिकडं आत सोडत नसत, म्हणून त्या फोनवर बोलायचं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात पडेगावला टँकरशिवाय पाणी नव्हतं. टँकर कमी भरून येतात असा मॅनेजर साहेबांना संशय. त्यांनी हौदावर कॅमेरा बसवला, पण इथं बघताना चित्र अडकायचं.

"कॅमेरा पहिल्या रांगेत घ्या," ते म्हणाले.

"घेतला तर व्हरांड्यातला फोन चेंगरंल, साहेब."

"चेंगरू द्या. काय बोलतात त्यावर? जेवलास का, झोप लागली का."

"तेवढंच बोलत्यात. म्हणून तर तुटू द्यायचं नाय."

"मग मी दुसरा माणूस बघतो."

खलीलभाईंनी स्विचच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. वय छप्पन्न. दुसरीकडं कोण घेणार होतं?

मी साहेबांकडं दोन दिवस मागून घेतले आणि पडेगावला गेलो. बांबूवर बोटाबोटाच्या अंतरानं खुणा केल्या आणि प्रत्येक टँकरच्या आधी आणि नंतर हौदात बुडवून पाहिला. सात टँकर आले, त्यातला एक चांगला चार बोटं कमी. मॅनेजरांनी माझा कागद दोनदा वाचला आणि कॅमेऱ्याचा विषय सोडून किल्ली खलीलभाईंकडं सरकवली.

संध्याकाळी खलीलभाई माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. मी विचारलं, "एवढ्यासाठी नोकरी घालवत होतात?"



"बायको पैठणला दवाखान्यात होती. मी पुण्याला कामावर. तिचा फोन आला. आवाज तुटत होता. ती कायतरी मागत होती, एवढंच समजलं. मी घाईत व्हय व्हय म्हणलो. ती खूश झाली, फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गेली."

"काय मागत होती?"

"तेच तर ठाऊक नाय. तिच्या भावाची पोरं शिकवली. तिच्या अम्मीला हजला धाडलं. तिच्या मोहल्ल्यात प्याऊ लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी. आता काय ऱ्हायलं असंल, साळवे साब?"