उजवीकडे उतावळा

इस्माईल चाचा सायबर कॅफेत तासभर पोकर खेळायला येत आणि त्यातली पन्नास मिनिटं नुसतं टेबल निवडत. उरलेल्या दहा मिनिटांत वीज गेली नाही, तर खेळ.

मी तेव्हा रत्नागिरीत कॉलेजला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे आपल्याला काहीच येत नाही असं मला सारखं वाटायचं. चाचा माझे शेजारी. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते, पत्ते तिथेच शिकले. इंटरनेटवरचा त्यांचा खेळ फुकटच्या चिप्सचा. जिंकले तरी हातात काही पडायचं नाही.

तरी ते एकेक टेबल मुलीसाठी स्थळ बघावं तसं बघत. "ह्या टेबलावर सगळे मुके. कुणी डाव वाढवत नाय. चल पुढे." पुढच्यावर सगळे हुशार, म्हणून तेही बाद. "आणि रिकामा टेबल तर उघडायचाच नाय. एकट्यानं बसून वाट कुणाची बघायची?"

एकदा त्यांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर मीही खेळायला बसलो आणि दिसेल त्या जागेवर क्लिक केलं. चाचांनी कपाळाला हात लावला.

"मेल्या, कॉलेजात ह्येच शिकवतात? आधी बघायचा, मग बसायचा. उजवीकडे उतावळा हवा. त्याची पाळी आपल्या आधी. तो काय करतो ते बघायचा, मग आपण."

पाच मिनिटांत माझे सगळे चिप्स गेले. तेव्हापासून माझं नाव उतावळा.

हा नियम ते पत्त्यांपुरता ठेवत नसत. गल्लीतल्या एका लग्नात तीनदा जागा बदलून ते एका हावऱ्या पाहुण्याच्या डावीकडे बसले. वाढपी उजवीकडून येत होता. पाहुण्याने रश्श्याचा पहिला घास घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला. "मला रस्सा कमी," चाचा वाढप्याला शांतपणे म्हणाले.

माझ्या परीक्षेच्या दिवसांत चाचा चार दिवस कॅफेत दिसले नाहीत. शेवटचा पेपर देऊन मी पार थकलो होतो, पण घरी जायच्या आधी त्यांच्याकडे डोकावलो. ताप येऊन गेला होता. ओट्यापाशी उभं राहून ते पेज पीत होते. मागे जेवणाचं मोठं टेबल, सहा खुर्च्या, सगळ्यांवर धूळ. मुलगे कतारला. चाची जाऊन तीन वर्षं झाली होती.

"बसून प्या ना, चाचा."

"कुठे बसू?" ते म्हणाले. "रिकामा टेबल हाय."

मी हाताला लागली ती खुर्ची ओढली आणि धुळीसकट बसलो.

"उतावळा," चाचा पुटपुटले.

मग वाडगा घेऊन त्यांनी टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारली, सगळ्या जागा नीट बघितल्या आणि खांद्यावरच्या टॉवेलने माझ्या डाव्या हाताची खुर्ची पुसायला घेतली.