हिच्या चष्म्याची चोरी

बायकोचा चष्मा चोरायचा, असं मी रविवारी दुपारी ठरवलं. (म्हणजे ठरवलं लेकीने. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली.)

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम शिकतेय. "आता एक चष्मा पहिल्यापासून शेवटपर्यंत तू एकटी कर," असं मालकांनी सांगितलं आणि ती घरी आली ती उड्या मारतच.

"बाबा, पहिला चष्मा आईचा! यंत्रावर नंबर बघायला तिचा जुना चष्मा लागेल. तिला कळू न देता उद्या सकाळी आणून द्या."

"अगं, सरळ माग की तिच्याकडे!"

"मग सरप्राइज कसलं? बाबा, मी दोन वर्षं उभ्याउभ्या जेवून क्लासला पळत होते, तेव्हा समोर बसून माझ्या वह्या कोण वाचून दाखवायचं? अजूनही मी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत कोण उभं असतं?"

(मी नसतो. मी तेव्हा पेपर वाचत असतो.)

सोमवारी ही आंघोळीला गेली आणि मी कामाला लागलो. चोरीचा पहिलाच प्रसंग! दरदरून घाम फुटला. तो पुसायला माझा चष्मा काढून हिच्या चष्म्याशेजारी ठेवला. आता आमच्या दोघांच्या फ्रेम अगदी एकसारख्या. (हिला न विचारता मीच एकसारख्या दोन घेतल्या होत्या, त्याबद्दल अजून ऐकून घेतो.) इतक्यात बाथरूमची कडी वाजली. मी एक चष्मा खिशात टाकला, एक नाकावर चढवला आणि दाराबाहेर पळालो. खिशातला चष्मा बाहेर वाट बघत थांबलेल्या लेकीच्या हातावर ठेवला तेव्हा छाती अभिमानाने फुगली होती.

"अहो, माझा चष्मा पाहिलात का?" मागून हाक आली.

"मांजराने नेला असेल!" मी ओरडलो. (आमच्याकडे मांजर नाही.)

ऑफिसात सगळंच अंधुक दिसत होतं. मला वाटलं, लेकीच्या प्रेमाने डोळे भरून येत असतील. त्या भरात मी शिपायाला उठून नमस्कार केला आणि साहेबांना पाणी आणायला सांगितलं.

संध्याकाळी लेकीने डबी उघडून आपल्या हाताने आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"आई, मी केलाय! सगळा मी! यंत्रावर नंबर बघितला आणि मला रडूच आलं. तुझे डोळे इतके बिघडले आणि मला पत्ताच नाही! माझ्या वह्या वाचूनच बिघडले असणार. तू होतीस म्हणून मी शिकले गं."

हिने डोळे मिचकावले. मग लेकीला जवळ घेतलं. "अगदी छान झालाय. एकदम स्पष्ट दिसतंय." एवढं म्हणून ही आमच्या कपाटाच्या दारातून स्वयंपाकघरात जायला निघाली. मीच हाताला धरून वळवलं. जुना चष्मा लेकीने ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी लेक कामाला निघाली. ही खिडकीत. मी पेपरात (अक्षरं आज दोन-दोन दिसत होती). पाचच मिनिटांत लेक धापा टाकत परत आली.

"आई! मी कोपऱ्यावर उभी राहून हात हलवतेय आणि तू टपालपेटीला टाटा करतेयस! तिला 'डबा संपव' म्हणून खुणासुद्धा केल्यास!"

"ती टपालपेटी होती? मला वाटलं, लाल ड्रेस घातलायस."

"काल का बोलली नाहीस?"

"तू केलेला चष्मा चुकीचा कसा असेल? म्हटलं, माझ्याच डोळ्यांना सवय होईल हळूहळू."

लेकीला एकदम हसूही आलं आणि रडूही. मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि आईच्या डोळ्यांवर ठेवला.

"अगंबाई, हा तर माझाच!"

ड्रॉवरमधला चष्मा माझ्या नाकावर आला. साहेब, शिपाई, पाणी, सगळा उलगडा झाला. मी खाली मान घालून उभा राहिलो.

"आई, दे तो नवा चष्मा. आज तुझ्या नंबरच्या काचा बसवून आणते," लेक म्हणाली.

"तू नवीन फ्रेम घेऊन दुसरा कर. हा मी देणार नाही, तुझ्या हातचा पहिला आहे." हिने मला नीट निरखून पाहिलं. मग तो चुकीचा चष्मा चढवून पुन्हा पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"बाकी सगळं बघायला माझा नंबर ठीक आहे. पण यांच्याकडे बघायला हाच बरा."