रेस येथून छान दिसते

सकाळचे साडेसात वाजले होते आणि खुशालरावांच्या आवारात मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी एकोणचाळीस रिकाम्या होत्या. चाळिसावीवर स्वतः खुशालराव बसले होते. उघड्या फाटकातून रस्त्यापलीकडचा भगवंतरावांचा ओटा दिसत होता आणि त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

परतवाड्याहून सुटणारी मोटरसायकलची रेस खैरी गावावरून जायला लागली त्याला हे तिसरं वर्ष. चौदा-पंधरा गाड्या, चाळीस किलोमीटरचा फेरा आणि पुन्हा परतवाडा. पहिल्या वर्षी लोकांनी शेतात जाता जाता पाहिली. दुसऱ्या वर्षी शेतात जाणंच रद्द केलं. यंदा तर गावानं रेस अंगावरच घेतली होती. ग्रामपंचायतीनं खड्ड्यांत मुरूम टाकला, बायांनी वळणावरची बारीक गिट्टी खराट्यानं झाडून काढली, बकऱ्या आणि कुत्री घराघरात बांधून ठेवली. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. आणि ही सगळी माणसं भगवंतरावांच्या ओट्यावर, जिन्यावर, स्लॅबवर, काही तर पाण्याच्या टाकीवर बसली होती.

याला कारण होतं. खैरीत रस्ता एकदम डावीकडे वळतो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर भगवंतरावांचं घर. त्यांच्या उंच ओट्यावरून गाडी येताना दिसते आणि जातानाही दिसते. शिवाय जानेवारीच्या थंडीत सकाळचं ऊन नेमकं तिथंच पडतं. खुशालरावांचं आवार वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याच्या अगदी नाकासमोर. जागा तशी वाईट नव्हती. पण सहा वर्षांपूर्वी त्यांनी आवाराला पुरुषभर उंचीची भिंत घातली होती. भगवंताचा ओटा डोळ्यांसमोर नको, हा त्या भिंतीमागचा एकमेव विचार. त्यामुळे आता आतून फाटकाच्या रुंदीएवढीच रेस दिसणार होती.

दोघं सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे खुशालराव ग्रामसेवक झाले, भगवंतराव एसटीत कंडक्टर. दोघंही निवृत्त होऊन गावी आले आणि त्यानंतर भगवंतरावांचं प्रत्येक चांगलं खुशालरावांच्या छातीत जाऊन रुतू लागलं. भगवंतरावांच्या बोअरला एकशेचाळीस फुटांवर पाणी लागलं. खुशालरावांच्या बोअरनं तीनशे फुटांवरून नुसता धुरळा वर पाठवला. भगवंतरावांची संत्री व्यापारी झाडावरच मागून नेत. खुशालरावांना व्यापाऱ्याला फोन करावा लागे. हे सगळं त्यांनी सोसलं. पण यंदा भगवंतरावांचा पुतण्या नितेश रेसमध्ये उतरला आणि सगळं गाव नितेशच्या, म्हणजे पर्यायानं भगवंतरावांच्या मागे उभं राहिलं. नितेश मागच्या वर्षी अकरावा आला होता. शेवटपर्यंत पोचले होते अकराच. तरी गावानं त्याच्या नावाचं बॅनर लावलं.

मग खुशालरावांनी ठरवलं, की यंदा पब्लिक आपल्या आवारात बसवायचं. परतवाड्याच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. तीनशे आलुबोंड्यांचं सामान आणलं. बायकोनं, पार्बताबाईंनी विचारलं, हे सगळं कोणासाठी.

"पब्लिकसाठी."

"पब्लिकनं सांगतलं का तुमाले?"

खुशालराव पेंटर पुंजारामकडे गेले आणि मोठा बोर्ड सांगून आले. मजकूर त्यांनी रात्रभर विचार करून तयार केला होता: 'रेस येथून छान दिसते', आणि खाली फाटकाकडे दाखवणारा बाण. पुंजाराम हौशी माणूस. त्यानं 'रेस' हा शब्द लालभडक रंगात दोन दोन फुटांच्या अक्षरांत काढला आणि त्यात इतका रमला, की पुढच्या मजकुराला जागाच उरली नाही. 'येथून छान दिसते' हे त्यानं कडेला बसवलं, एसटीच्या तिकिटावर मावेल एवढ्या अक्षरात. बाण मात्र पुन्हा जीव ओतून काढला.

रेसच्या रविवारी पहाटे हा बोर्ड वळणावरच्या विजेच्या खांबाला बांधला गेला. त्याच खांबावर रेस भरवणाऱ्या क्लबनं डावीकडे वळा असं सांगणारा वीतभर कागदी बाण चिकटवला होता. तो बोर्डाखाली झाकला गेला, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

आठ वाजत आले तरी एक माणूस इकडे फिरकला नाही. खुशालरावांनी स्वतः रस्त्यावर उभं राहून दोन-चार ओळखीच्यांना हाक मारली. ते "येतो न भाऊ" म्हणून उन्हात जाऊन बसले. शेवटी वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला धर्मेंद्र त्यांच्या नजरेस पडला. हा अचलपूरकडच्या एका शाळेतला मास्तर. क्लबनं त्याला गाड्यांना वळण दाखवायला नेमलं होतं आणि पहाटे पाचपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"सर, दोन मिनिटं बसा न. गरमागरम बोंडे आहेत," खुशालराव म्हणाले. "गाड्या याले अजून अर्धा तास आहे."

धर्मेंद्र सर आले. खुर्चीवर बसले. एकोणचाळिसातली एक भरली म्हणून खुशालरावांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी सरांच्या ताटलीत चार बोंडे घातले, वर रस्सा ओतला आणि सर उठू लागले तसे आणखी दोन घातले. सरांनी झेंडा खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला. त्यांच्या तोंडात पाचवा बोंडा होता तेव्हा दुरून गाड्यांचा आवाज आला.

यंदा गाड्या लवकर आल्या होत्या. गावानं रस्ताच तसा करून ठेवला होता.

सगळ्यांत पुढे अकोल्याचा एक पोरगेला गडी होता. आदल्या दिवशी क्लबनं सर्वांना जीपमधून रस्ता दाखवला होता, पण तेव्हा हा बोर्ड नव्हता. आता त्याच्या समोर दोन फुटांची लाल 'रेस', त्याखाली हातभर बाण, आणि बाणाच्या टोकाला सताड उघडं फाटक. झेंडेवाला नाही. त्याला वाटलं, रूट बदलला. तो आत घुसला. त्याच्या धुरळ्यात दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, आणि पुढच्यावर भरवसा ठेवून बाकीचे दहा.

खुर्च्या रिकाम्या होत्या हे त्या दिवशी गावाचं नशीब. गाड्या दोन रांगांमधून, मग रांगांवरून गेल्या आणि आवाराच्या टोकाला रचलेल्या सोयाबीनच्या कुटारात एकामागून एक शिरल्या. भुसकटाचा तो ढीग घरच्या गादीसारखा मऊ. कोणाला काही झालं नाही. एकाचं कोपर खरचटलं तेवढंच. खुशालराव आणि धर्मेंद्र सर ताटल्या छातीशी धरून भिंतीला चिकटून उभे होते. पार्बताबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या, कुटारातून वर येणारी हेल्मेटं त्यांनी मोजली आणि आत जाऊन कढईत नवा घाणा सोडला.

चौदावी गाडी नितेशची. तो नेहमीसारखा मागे होता. त्यानं बोर्ड पाहिला, बाण पाहिला, आणि मनात म्हणाला, हे तर खुशालकाकाचं आवार. इथं रेस कशी जाईल? तो डावीकडे वळला आणि मोकळ्या रस्त्यानं परतवाड्याकडे निघून गेला.

इकडे एवढा आवाज ऐकून भगवंतरावांचा ओटा दोन मिनिटांत रिकामा झाला. स्लॅबवरचे उतरले, टाकीवरचे उतरले, आणि सगळं पब्लिक खुशालरावांच्या आवारात आलं. कोणी गाड्या ओढून काढल्या, कोणी पोरांचे कपडे झटकले. शाबूत खुर्च्यांवर रेसवाले बसले, बाकीचे भिंतीवर चढले. तीनशे बोंडे वीस मिनिटांत संपले. खुशालराव गर्दीत इकडून तिकडे फिरत होते. झालं ते वाईट झालं हे त्यांना कळत होतं. पण आवारात दोनशे माणूस होतं, आणि समोरच्या ओट्यावर एकटे भगवंतराव उभे होते, हेही दिसत होतं.

हे सुख अर्धा तास टिकलं. मग परतवाड्याहून फोन आला आणि भगवंतरावांच्या स्लॅबवर लावलेल्या भोंग्यातून बातमी सांगितली गेली, की रेसमध्ये पहिला नंबर नितेशचा. दुसरा नंबर कोणाचाच नाही.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या आणि आली तशी पलीकडे गेली.

खुशालराव मोडक्या खुर्चीवर बसून राहिले. आपण भगवंताच्या पुतण्याला हातानं धरून पहिला आणला, हा विचार त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत होता. तेवढ्यात क्लबच्या सेक्रेटरी माधवी मॅडम गाडीतून उतरल्या. तेराही जणांनी त्यांना रस्त्यातच घेरलं. बोर्ड मुद्दाम लावला होता, त्यांचं म्हणणं. आणि मुद्दाम लावून फायदा कोणाचा झाला? नितेशचा. म्हणजे लावला कोणी? सगळ्यांची तोंडं भगवंतरावांकडे वळली. मॅडम भगवंतरावांना शांतपणे म्हणाल्या, की असं असेल तर निकाल रद्द करावा लागेल आणि नितेशला पुन्हा कधी उतरता येणार नाही.

भगवंतराव पांढरे पडले.

खुशालराव भिंतीआडून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा भगवंताचं काहीतरी बिघडत होतं, आणि त्यांना नुसतं गप्प राहायचं होतं. ते राहिलेही असते. पण भिंतीपलीकडे दोन म्हातारे बोलत होते.

"काही म्हन, डोकं लावलं भगवंतानं. तेरा गाड्या कुटारात घातल्या अन् पुतन्या पहिला आनला."

"कंडक्टरकीत राज्य फिरला तो. आपल्याले जमलं असतं का?"

खुशालरावांच्या छातीत ओळखीची कळ आली. बोर्ड त्यांचा. बाण त्यांचा. खांबही त्यांनीच निवडलेला. आणि नाव मात्र भगवंताचं होणार, पुढची वीस वर्षं गाव हेच सांगत बसणार. हे मात्र त्यांना सोसवेना. ते ताडकन उठले, गर्दीत घुसले आणि मॅडमसमोर उभे राहिले.

"तो बोर्ड माहा आहे. याचा काही संबंध नाही. याले एवढं सुचत नाही."

मॅडमनी विचारलं, कशासाठी लावला. खुशालराव खाली बघून म्हणाले, "मानसं यावी म्हनून."

मॅडमनी फाटकातून आत पाहिलं. मोडलेल्या खुर्च्या, रिकामी परात, आणि ताटली हातात धरून उभे असलेले धर्मेंद्र सर. मग त्या बोर्डाजवळ गेल्या आणि वाकून कडेची बारीक अक्षरं त्यांनी वाचली. वाचताना त्यांना तोंडावर रुमाल धरावा लागला. परत येऊन त्यांनी सांगितलं, की बोर्ड स्पर्धकाच्या माणसानं लावलेला नाही आणि रस्ता लक्षात ठेवणं ज्याचं त्यानं बघायचं असतं. निकाल कायम. तेरा जणांच्या वेगळ्या शर्यतीचं पुढच्या महिन्यात बघू.

गर्दी पांगली तेव्हा भगवंतराव रस्ता ओलांडून आले. खुशालरावांच्या शेजारची खुर्ची त्यांनी हातानं चाचपून पाहिली आणि जपून बसले. त्यांचे डोळे ओले होते.

"खुशाल, तू बोलला नसता तर पोराचं नाव गेलं असतं."

खुशालराव पायाजवळ पडलेला खुर्चीचा तुकडा उचलून पाहू लागले.

"एक सांगू का? मी सकाळपासून तुह्याकडं पाहून जळून राहिलो होतो."

खुशालरावांनी मान वर केली. "माह्यावर? कावून?"

"अरे, पहाटे चारपासून माह्या घरात दोनशे लोक. कोनाले पानी, कोनाले चहा, कोनी टाकीचं झाकन फोडलं. आमची वच्छला सकाळपासून बसली नाही. अन् तू इथं कसा, चाळीस खुर्च्या मांडून एकटा बसला होता, पायावर पाय ठेवून. म्या म्हनलं, नशीब असावं तर खुशालसारखं."

खुशालरावांनी आपली खुर्ची भगवंतरावांच्या आणखी जवळ ओढली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पार्बताबाई तिथं परात घासत होत्या.

"हे जरा जोरानं सांग, भगवंता," ते म्हणाले. "तिले आयकू नाही गेलं."