कुकरच्या शिट्टीचं इंग्रजी

लग्न जमवताना मध्यस्थाने एक वाक्य जास्तीचं टाकलं. "मुलाला वाचनाची भारी आवड. मोठ्या लायब्ररीचा सभासद आहे."

मुलगा तिथेच बसला होता. हे खोटं आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. म्हणून त्याने नुसती मान खाली घातली. (लाजून खाली गेलेली मान आणि 'हो' म्हणून हललेली मान, यांतला फरक लांबून कळत नाही.) समोर बसलेले इंग्रजीचे निवृत्त मास्तर खूश झाले आणि त्याचे सासरे झाले.

मुलगा खरं तर सोफे दुरुस्त करायचा. शाळा सातवीतच सुटलेली. लायब्ररीत तो एकदाच गेला होता, तोही तिथल्या खुर्च्यांची फाटकी रेक्झिनं बदलायला. तेव्हा दोन माणसं कुजबुजत इंग्रजी बोलताना दिसली, तेवढ्यावरून त्याने ठरवून टाकलं, की इथे मराठी चालत नाही.

वर्ष सुखात गेलं आणि सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, आठवडाभर राहायला येतोय. तुमची लायब्ररी बघायचीय मला."

सोफेवाल्याने बायकोसमोर सगळं ओकून टाकलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "बाबा सगळ्या नातेवाइकांत तुमचं कौतुक सांगत फिरलेत. आता खोटं निघालं तर ते कोणाला तोंड दाखवणार नाहीत, आणि मी तुम्हाला. ते यायच्या आत सभासद होऊन टाका."

"पण तिथे इंग्रजी..."

"मी शिकवते."

शिकवणी स्वयंपाकघरात लागली, कारण बाईंना दुसरीकडे सवड नव्हती. ओटा म्हणजे काउंटर. कुकरची शिट्टी झाली, की म्हणायचं, "एक्सक्यूज मी, आय वुड लाइक टू जॉइन द लायब्ररी." चमच्यांचा ड्रॉवर कर्रकन उघडला, की "मे आय कीप इट फॉर अनदर वीक?" म्हणजे पुस्तक अजून आठवडाभर ठेवू का. आणि पातेल्यावर ठप्पकन झाकण बसलं, की "आय अ‍ॅम सो सॉरी, आय हॅव लॉस्ट द बुक." पुस्तक हरवलं, माफ करा.

"अगं, अजून घेतलंच नाही, तर हरवेल कसं?"

"तुमचा काय भरवसा? गळ्यात टेप अडकवून घरभर टेप शोधता. आणि जाता जाता म्हणा, 'आय अ‍ॅम अ बुकवर्म.' पुस्तकातला किडा."

"हे नाही म्हणणार. लाकडात किडा दिसला तर मी गिऱ्हाइकाला सोफा बाहेर काढायला लावतो. लायब्ररीतली बाई मला आत ठेवेल?"

किडा सोडून बाकी इंग्रजी मात्र अंगात भिनलं. इतकं, की एकदा शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि आमच्या सोफेवाल्याने न्हाणीघरातून, डोळ्यांत साबण असताना, लायब्ररीत प्रवेश मागितला.

शनिवारी तो सभासद होणार होता. सासरे शुक्रवारीच दारात उभे. पाणी पिऊन म्हणाले, "चला, लायब्ररीत."

बायको कानात कुजबुजली, "बाबांना वर्तमानपत्रांपाशी बसवा, आणि हळूच जाऊन पहिलं वाक्य म्हणा."

त्याने तसंच केलं. काउंटरपाशी गेला. ग्रंथपाल बाई मान खाली घालून काम करत होत्या. त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. लायब्ररीत कुकर नव्हता. चिटपाखरूही बोलत नव्हतं. डोक्यातलं सगळं इंग्रजी शिट्टीची वाट बघत बसून राहिलं.

तेवढ्यात बाईंनी एका पुस्तकावर शिक्का मारला. ठप्प.

"आय अ‍ॅम सो सॉरी, आय हॅव लॉस्ट द बुक," सोफेवाला साहेबासारखा बोलला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हरवलं? कोणतं?" अस्सल मराठीत.

आता खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. त्याने सांगितलंही असतं. पण मागून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. वर्तमानपत्र संपवून सासरे पाठीशी येऊन उभे होते.

त्याने मान खाली घातली. (पुन्हा तीच मान.)

"ते स्मरणशक्ती वाढवायचं पुस्तक का? वर्षानुवर्षं शोधतेय मी ते. नाव सांगा तुमचं." त्याने पुटपुटत नाव सांगितलं, तसा बाईंनी कार्डांचा ड्रॉवर ओढला. कर्र.

"मे आय कीप इट फॉर अनदर वीक?"

"अजून एक आठवडा?" बाईंचा आवाज चढला तशी वाचणारी माणसं मान वर करून बघू लागली. "आणि तुमचं तर कार्डच सापडत नाहीये."

"जुने सभासद आहेत आमचे जावई," सासरे म्हणाले. "जुन्या गठ्ठ्यात बघा."

"आता काय बघायचंय? स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय." बाईंनी खडू उचलला आणि दाराजवळच्या फळ्यावर, 'पुस्तकं परत न केलेले सभासद' या मथळ्याखाली त्याचं नाव ठळक लिहिलं.

सोफेवाल्याला वाटलं, धरणी दुभंगावी. पण सासरे फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. 'सभासद' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग शेजारच्या अनोळखी गृहस्थाला म्हणाले, "हे आमचे जावई. वाचनाचं वेड इतकं, की पुस्तक हातातून सुटतच नाही."

अब्रू वाचली. दोघं बाहेर आले. फाटकापाशी कोणी तरी आडवी स्कूटर लावत होतं, आणि पहारेकऱ्याने कर्कश शिट्टी वाजवली.

सोफेवाल्याची पावलं जागीच थांबली. तो ताठ उभा राहिला, आणि पहिलं वाक्य, जे सकाळपासून अडकून बसलं होतं, ते अखेर निघालं. "एक्सक्यूज मी, आय वुड लाइक टू जॉइन द लायब्ररी."

पहारेकऱ्याने त्याला न्याहाळलं, मग उघड्या दारातून, मघाशी आपल्यादेखत फळ्यावर लिहिलेल्या नावाकडे पाहिलं.

"आधी नेलेलं आणून द्या, साहेब," तो म्हणाला.