रिकाम्या बाटलीची पोच

निवृत्तीच्या दिवशी माणसाने मुकाट्याने खुर्चीत बसावं, चार चांगले शब्द ऐकावेत आणि घरी जावं. खात्रीकाकांनी नेमका त्याच दिवशी खोका उघडला.

संशोधन संस्थेच्या भांडारात त्यांचा जन्म गेला. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशाचीही पोच द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. परीक्षानळ्यांचा डबा आला की तो ओतून, मोजून, परत भरून मगच सही. त्यावरून लोक पाठीमागे त्यांना खात्रीकाका म्हणत, पुढे तोंडावरही म्हणू लागले. काकांना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

कुरिअरवाल्याने थर्माकोलचा खोका टेबलावर ठेवला. आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेरापेक्षा जेमतेम मोठी अशी एक बाटली. काकांनी ती उजेडात धरली, हलवली, उलटी केली, बंद झाकणासकट नाकाला लावून हुंगलीसुद्धा.

"रिकामी आहे."

"मी खोका पोचवतो. आतलं मला विचारू नका," कुरिअरवाला म्हणाला. "सही करा, पुढे जायचंय."

"रिकाम्या बाटलीवर सही? तीही आज?"

त्यांनी कारकुनाला हाक मारली. कारकून सकाळपासून निरोप समारंभाच्या गडबडीत होता. टेबलाच्या कोपऱ्यात त्याने कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं आणि जाता-येता ते कापड नीट करत होता. त्याने भिंग लावून बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

"प्रथिनाचा तुकडा... मेंदूच्या पेशींना मारक... फक्त संशोधनासाठी." तो थांबला. "पण साहेब, बाटली तर रिकामी आहे."

"तेच सांगतोय ना मघापासून."

"मग आतलं गेलं कुठे?"

काकांना आपण बाटली हुंगल्याचं आठवलं आणि त्यांनी रुमालाने नाक घट्ट दाबलं. कुरिअरवाला म्हणाला, "मी आपला बाहेर थांबतो," आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

काका घाबरले, पण नियम विसरले नाहीत. बाटली त्यांनी पट्टीने ढकलून परत बर्फात लोटली. "टेबलावरचं बाकी सगळं विषारी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भर. सील कर."

"सगळं?"

"सगळं."

"साहेब, हे कापडाखालचं जरा..."

"कापडासकट."

कारकुनाचा चेहरा पडला. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. शेवटी त्याने ते कापडासकट पिशवीत घातलं, सील केलं आणि पिशवी टेबलाखाली ठेवली. सील केलेली पिशवी सुरक्षा समितीसमोरच उघडायची, हा नियम खुद्द काकांनीच घालून दिला होता.

काकांनी साबणाने हात धुतले, मग नाक धुतलं, मग घरी फोन लावला.

"मी बोलतोय. मी कसा बोलतोय?"

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"नेहमीसारखाच बोलतोय ना? बहुतेक मेंदूचं विष नाकात गेलंय. सकाळी मी काही विसरलो का?"

"डबा विसरलात, चष्मा विसरलात, येताना दिवे आणायचेत तेही विसराल. नवीन काही असेल तर सांगा. गॅसवर दूध आहे माझं."

काका खुर्चीत टेकले. आणि त्यांना ऐकू आलं, टिक, टिक, टिक. त्यांनी कानात बोट घालून हलवलं. टिकटिक चालूच.

"तुला काही ऐकू येतंय का रे?"

"छे हो साहेब, काहीच नाही," कारकून फारच पटकन म्हणाला.

काकांनी दुसऱ्या कानातही बोट घातलं. म्हणजे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय. सुरुवात झाली तर.

एवढ्यात, जिने ती बाटली मागवली होती ती संशोधक मुलगी धावत आली. "काका, माझं पार्सल आलं? कधीची वाट बघतेय."

"आलंय, पण रिकामं."

मुलीने बाटलीकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "रिकामी नाही हो. एक मिलिग्रॅम आहे. काचेला चिकटून बसलंय, म्हणून दिसत नाही."

"मग उघडून दाखव."

"उघडली तर वाऱ्याने उडेल. मग खरंच रिकामी होईल."

"बरं, वजन कर."

"रिकाम्या बाटलीचं वजन कुठे माहीत आहे आपल्याला?"

काकांचं डोकं गरगरायला लागलं. भरलेली बाटली रिकामी दिसते, आणि भरलेली आहे हे पाहायला गेलं तर रिकामी होते. मुलीने तिच्या सरांना बोलावलं. सरांनी चष्मा पुसला, बाटली फिरवली आणि म्हणाले, "हे काय, स्पष्ट दिसतंय की."

"सर," मुलगी हळूच म्हणाली, "तो काचेवरचा ओरखडा आहे."

सर बाटली तिच्या हातात देऊन मीटिंगला निघून गेले.

"पण हे विष मागवतेस कशाला तू?" काकांनी विचारलं.

"मेंदूच्या एका आजारात अशा प्रथिनाने पेशी मरतात. आम्ही हा तुकडा बशीतल्या पेशींना देतो, त्या कशा मरतात ते बघतो. कळलं तर कधीतरी औषध सापडेल. आणि ताजं असताना हे फारसं काही करत नाही. उबेत काही दिवस मुरलं की मग मारक होतं."

"नाकात मुरतं का?"

"काका, ते बाटलीतून बाहेरच आलेलं नाही." तिने खोक्यात हात घालून पाहिला. "बर्फ वितळतोय. आज परत गेली तर दुसरी येईपर्यंत माझी शिष्यवृत्ती संपेल. सगळं काम अर्धवट राहील."

कुरिअरवाल्याने दारातून घड्याळ दाखवलं.

काका पेचात पडले. बाटली रिकामी म्हणावं, तर विष आपल्या नाकात. भरलेली म्हणावं, तर न पाहिलेल्या मालावर सही. आयुष्यभराचा बाणा एका बाजूला आणि स्वतःचा मेंदू दुसऱ्या बाजूला. टिकटिक तर थांबायचं नाव घेत नव्हती.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. कधी एक हातमोजा जास्त गेला तर तो परत आणून देणारी पोर. खोटं बोलायची नाही. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, "बाटली मिळाली. आत आहे, असा विश्वास आहे." खाली सही केली.

मुलगी बाटली घेऊन पळाली. पिवळी पिशवी कुलपाच्या खोलीत गेली. आणि थोड्या वेळाने काकांच्या लक्षात आलं की टिकटिकही ऐकू येईनाशी झालीय. आता कानही गेला, त्यांनी मनाशी नोंद केली. समारंभात सगळे भरभरून बोलले. काका केविलवाणे हसत राहिले. कारकुनाने रंगीत कागदातला खोका त्यांच्या हातात दिला, पण नजर चुकवून. आज विश्वासाचाच दिवस आहे म्हणत काकांनी तो न उघडताच घेतला.

घरी बायकोने खोका उघडला. "अहो, हा तर रिकामा आहे."

काकांनी तो दिव्याखाली धरला, तिरका केला. "आपल्याला दिसत नसेल."

"एवढ्या मोठ्या खोक्यात न दिसणारं काय असणार?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कारकून होता. "साहेब, माफ करा. समारंभ अडायला नको म्हणून रिकामाच खोका दिला. गजराचं घड्याळ होतं. तुम्ही कापडासकट पिशवीत टाकायला लावलंत. आता सोमवारी समिती उघडेल."

"घड्याळ?" काका उठून उभे राहिले. "टिकटिक करणारं?"

"हो, चावीचं. तुम्हाला आवडतं म्हणून चावी देऊनच ठेवलं होतं."

"तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं की. पण सांगितलं असतं तर गंमत गेली असती."

काकांनी फोन ठेवला आणि रिकामा खोका छातीशी धरला. ते हसायला लागले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "बघ," ते बायकोला म्हणाले, "रिकामा आहे. अगदी रिकामा. इतकी छान भेट मला कुणी दिली नव्हती."

बायकोने खोक्यात पुन्हा एकदा वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. दुपारच्या फोनवर आपण उगाच चिडलो, असं तिला वाटलं. तिने गॅस बंद केला आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला.